वह्या-दप्तरे नकोत, पाठपुराव्याला हात द्या : भांडुपच्या पालिका शाळेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की वह्या किती लागतील, दप्तरे देऊ का, कंपासपेट्या चालतील का, अशी विचारणा शाळेकडे सुरू होते. त्यामागचा जिव्हाळा आम्हाला मोलाचा वाटतो, म्हणूनच स्पष्ट लिहितो. मुंबई महापालिका आपल्या शाळांतील मुलांना गणवेश, बूट, दप्तर, वह्या धरून २७ शालोपयोगी वस्तू विनामूल्य देते. मधल्या सुट्टीत पोषण आहार असतो. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे त्याचे प्रमाण १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे ठरलेले आहे. जंताची गोळी मिळते, आरोग्य तपासणीही होते. अडते ते त्यानंतर. तपासणीत काहीतरी निघते आणि पुढे कोणी नेत नाही, म्हणून ते तसेच राहते. आमची मागणी या पुढच्या कामासाठी आहे.

आधी डोळ्यांचे सांगतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. फळा अंधूक दिसतो हे मूल स्वतःहून सांगत नाही. सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते. ते शेजारच्याच्या वहीतून उतरवते आणि मोठ्यांना वाटते, याचे लक्ष नाही. म्हणून शाळेतच दरवर्षी तक्त्यावर तपासणी करायची असते. तक्ता सहा मीटरवर आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. उजेड तक्त्यावर पडावा, मुलाच्या तोंडावर नको. पहिलीच्या मुलांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘ई’ आकाराचा तक्ता वापरतात. मुलाने फक्त हाताने दिशा दाखवायची. दुसरा डोळा तळहाताने, पण न दाबता झाकायचा. बोटांनी झाकला तर मूल फटीतून बघते आणि नंबर असूनही तपासणीत सुटते. सहा मीटरचा तक्ता छोट्या खोलीत तीन मीटरवर टांगला तरी हेच होते.

इतके शाळा करू शकते. पुढे मुलाला राजावाडी किंवा शीवच्या रुग्णालयात न्यावे लागते. लहान मुलाचा डोळा जवळचे बघण्यासाठी आतून जोर लावतो, त्यामुळे नंबर चुकीचा येऊ शकतो. डोळ्यात औषध घालून तो स्नायू सैल करतात आणि मग नंबर काढतात. औषधाचा असर उतरल्यावर बऱ्याचदा पुन्हा बोलावतात. म्हणजे दोन फेऱ्या, क्वचित तीन. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याचे किंवा चार घरची कामे करणाऱ्या ताईंचे तितके खाडे होतात. पहिल्या फेरीनंतर पालक थांबतात ते याच कारणाने; त्यांना मुलाची काळजी नाही असा अर्थ कोणी काढू नये.

यासाठी आमची योजना अशी आहे. चार मुलांचा एक गट, त्यांच्यासोबत एक पालक आणि एक स्वयंसेवक. उरलेल्या तिघांच्या पालकांची लेखी संमती आधी घ्यायची. पुढच्या फेरीला दुसऱ्या मुलाचा पालक जाईल, म्हणजे एकाच घरावर सगळे खाडे पडणार नाहीत. जो पालक जाईल त्याचा बुडालेला रोज आणि सर्वांचा प्रवासखर्च निधीतून द्यायचा. महिन्यातून एक सकाळ, आठवड्याच्या कामाच्या दिवशी, देऊ शकतील असे सहा जण आम्हाला हवे आहेत. केसपेपर काढण्यापासून औषधाची वेळ सांभाळण्यापर्यंत सोबत राहावे लागेल. निवृत्त मंडळींना हे काम उत्तम जमेल असे आम्हाला वाटते.

चष्मा हातात आला तरी काम संपत नाही. मोडेल म्हणून आई तो कपाटात जपून ठेवते, किंवा मुले चिडवतात म्हणून मूल तो दप्तरातून काढत नाही. यावर उपाय म्हणजे एकाच नंबरचे दोन चष्मे, एक घरी आणि एक वर्गातल्या पेटीत नाव लिहून. मागे अडकवायला रबरी पट्टी आणि वर्गात स्क्रू घट्ट करायचा बारीक पेचकस ठेवायचा. दुसऱ्या चष्म्याचा खर्च उचलणारे दाते हवेत. घरातले जुने चष्मे मात्र कृपया देऊ नका. मोठ्यांची फ्रेम मुलाच्या नाकावरून घसरते, आणि परक्या नंबराच्या काचा त्याच्या कामाच्या नसतात.

पावसाळ्यात दुसरी अडचण खरजेची. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे एकाच अंथरुणावर झोपतात. तिथे एकट्या मुलाला मलम लावले तर काही आठवड्यांत खरूज परत येते. डॉक्टरांनी लिहून दिलेले पर्मेथ्रिन ५ टक्क्यांचे मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावायचे असते. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, काखेत, बेंबीभोवती लावून आठ ते बारा तासांनी अंघोळ करायची. सात दिवसांनी हेच पुन्हा. अंगावरचे कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवायच्या; जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत निदान तीन दिवस घट्ट बांधून ठेवायचे. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहते. हे आधी सांगितले नाही, तर औषध लागू पडले नाही असे समजून लोक मलम रोज चोळतात आणि कातडी सोलवटते. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागते. पाच जणांच्या घराला दोन वेळांचे पुरवायचे तर खर्च त्या घराच्या आवाक्याबाहेर जातो, मग मलम पुरवून-पुरवून लावतात आणि ते लागू पडत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी जुलै आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकी एक दिवस शाळेत द्यावा. औषध दुकानदारांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर संपूर्ण कुटुंबाचे मलम एकदम द्यावे, बिल आमची शाळा व्यवस्थापन समिती चुकते करील. अर्धे औषध वाटण्यापेक्षा निम्म्याच कुटुंबांना पुरे औषध द्यावे, या मताचे आम्ही आहोत.

सकाळच्या खाण्याचेही पाहावे लागते. पोषण आहार मधल्या सुट्टीत मिळतो. आई पहाटे कामाला गेली की मूल चहा-बटरवर येते आणि परिपाठालाच पोट दुखते म्हणून खाली बसते. अशा शंभर मुलांना शाळा भरताना मूठभर भाजलेले चणे आणि गूळ द्यायचा विचार आहे. मुलामागे ३० ग्रॅम चणे, म्हणजे साधारण सहा ग्रॅम प्रथिने, आणि १० ग्रॅम गूळ. दिवसाला ३ किलो चणे व १ किलो गूळ. २४ दिवसांच्या महिन्याला ७२ किलो चणे आणि २४ किलो गूळ. बालवाडीच्या मुलांना चणे घशात अडकू शकतात, त्यांना राजगिऱ्याचा मऊ लाडू किंवा केळे द्यावे. एकदम वर्षाचा माल नको. पावसात चणे सादळतात, पोरकिडा लागतो, म्हणून पंधरा दिवसांचाच साठा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवायचा. असे आठ मोठे डबे हवेत. बिस्किटांचे पुडे आम्ही घेणार नाही.

मुलांच्या मनाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. नीट जेवणारे मूल डबा परत नेऊ लागते, वर्गात झोपते, चड्डी ओली करू लागते, एखाद्या माणसाचे नाव निघताच गप्प होते. शिक्षकांना हे दिसते. तेव्हा शिक्षकांनी उलटतपासणी घ्यायची नसते. ऐकून घ्यायचे, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही, कारण लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन क्रमांक प्रत्येक वर्गात मुलांच्या उंचीवर लावलेला असावा. सगळेच प्रसंग इतके गंभीर नसतात. वडिलांचे काम सुटलेले असते, घरी दारूवरून भांडणे होतात, आजी गेलेली असते. अशा मुलाला दर आठवड्याला तेच माणूस भेटायला हवे. म्हणून एक प्रशिक्षित समुपदेशक, मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारे, आठवड्यातून दोन अर्धे दिवस, पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी हवे आहेत. मानधन दिले जाईल. पोलीस पडताळणी आवश्यक. बोलणे दार उघडे असलेल्या खोलीत, बाहेरून दिसेल असे. एक दिवसाची कार्यशाळा घेऊन जाणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नकार देतो. मूल मन मोकळे करते आणि पुढच्या आठवड्यात ते माणूसच नसते, हे त्याला जास्त लागते. मोठ्यांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांक आहे. तो पालकसभेत प्रत्येक वेळी सांगावा लागतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावर घराचे पैसे अवलंबून असतात. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. अर्ज अडतो तो नावामुळे. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे, शाळेच्या रजिस्टरवर तिसरे स्पेलिंग असते. मृत्यूचा दाखला गावाकडे नोंदलेला असला की आणखी महिने जातात. दर शनिवारी दोन तास बसून अर्ज भरून देणारे, बँक किंवा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले दोघे जण मिळाले तर फार मोठे काम होईल. एक चालू स्थितीतला प्रिंटर-झेरॉक्स हवा आहे.

वस्तूंत आणखी इतकेच: पाच ते दहा वर्षांच्या मुलामुलींच्या नव्या सुती चड्ड्या, प्रत्येक मापाच्या दोन डझन, पंचे तीन डझन, आणि टेकडीवरून भिजत येणाऱ्या मुलांसाठी बदलायला गणवेशाचे वीस जोड. वापरलेले गणवेश धुतलेले, बटणे शाबूत असलेले असतील तर आनंदाने घेऊ.

मूल सलग तीन दिवस आले नाही तर चौथ्या दिवशी घरी कोणीतरी जायचे, असा नियम ठेवायचा आहे. फोनवर भिस्त ठेवता येत नाही, रिचार्ज संपला की नंबर बंद पडतो. म्हणून प्रत्येक मुलामागे शेजाऱ्याचाही एक नंबर नोंदवला जाईल. टेंभीपाडा, खिंडीपाडा, हनुमाननगर या भागांत राहणाऱ्या, वस्ती पायाखालची असलेल्या भगिनींनी यासाठी नावे द्यावीत. घरी जाऊन रागावायचे नाही. लहान भावंडाला सांभाळायला कोणी नाही, गावी गेले आहेत, ताप आहे, यातले काय ते समजून घेऊन वर्गशिक्षकांना सांगायचे.

पैशांबाबत. रोख रक्कम घेतली जाणार नाही. धनादेश समितीच्या नावाने द्यावा. खात्यावर दोन सह्या लागतात; त्यांतली एक पालक सदस्याची असेल. कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे खर्चावर त्यांचेच लक्ष राहते. दर महिन्याचा जमाखर्च शाळेच्या फलकावर लागेल. देणगीवर आयकराच्या ८०-जी कलमाची करसवलत मिळणार नाही, आणि परदेशी नागरिकांकडून देणगी आम्हाला कायद्याने घेता येत नाही. शक्य तिथे दुकानदाराला थेट पैसे द्यावेत, आम्हाला पावतीची प्रत पुरे. वस्तू घेताना मुलांचे फोटो काढू दिले जाणार नाहीत, आणि कोणत्या मुलाला काय मिळाले हे दात्याला सांगितले जाणार नाही. मुले याच वस्तीत लहानाची मोठी होणार आहेत. मदत घेतल्याची खूण त्यांच्यामागे राहू नये.

ज्यांना वेळ द्यायचा आहे त्यांनी शनिवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत शाळेच्या कार्यालयात यावे. येताना ओळखपत्राची प्रत आणावी आणि कोणता वार, कोणती वेळ नक्की देता येईल ते ठरवून यावे. वस्तू आणण्यापूर्वी कार्यालयात एकदा विचारावे, म्हणजे एकच वस्तू दोनदा येणार नाही. डोळ्यांच्या गटांची पहिली फेरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात न्यायची आहे, म्हणून त्या कामाची नावे जूनअखेरपर्यंत मिळावीत.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती
महापालिका प्राथमिक मराठी शाळा, भांडुप (पश्चिम)