घरच्या रिळांची निगेटिव्ह शोधू नका, ती नसतेच

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घरगुती सिनेमांवर लेख आला होता, लेख झकास होता, वाचताना वडिलांचा चावीचा आठ एमएम कॅमेरा डोळ्यासमोर आला. पण त्यात एक वाक्य असं आहे की रीळ खराब झालं असेल तर घरात निगेटिव्ह शोधा, त्यावरून नवी प्रिंट काढता येईल. अहो निगेटिव्ह येणार कुठून? डबल एट काय नि सुपर एट काय (आठ एमएम फिल्मचे हे दोन प्रकार), घरोघरची ही रिळं जवळजवळ सगळी रिव्हर्सलची. म्हणजे कॅमेऱ्यात जी पट्टी फिरली तीच धुतल्यावर पॉझिटिव्ह होते आणि तीच प्रोजेक्टरवर चढते, मुंजीचं रीळ म्हणजे मुंजीत त्या मांडवात हजर असलेली खुद्द तीच पट्टी. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्म धुवायच्या हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण ती निगेटिव्ह, तिच्यावरून पाहिजे तेवढ्या प्रिंट काढा. आपल्या रिळाला तशी सोय नाही.

हे मी ठामपणे लिहितोय कारण गेली काही वर्षं मी काळीपांढरी रिव्हर्सल फिल्म घरी बाथरूममध्ये धुतो (घरात या उद्योगाला वेगळं नाव आहे, ते छापण्यासारखं नाही). फिल्म धुवायची जुनी रशियन लोमो टाकी आहे माझ्याकडे, सुपर एटचं एक कार्ट्रिज म्हणजे ५० फूट, त्यात ३६०० चित्रं, सेकंदाला १८ धरली तर जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद. एवढ्यासाठी अख्खी दुपार जाते आणि त्यातला अर्धा तास तर मिट्ट काळोखात चकलीसारख्या त्या स्पायरलमध्ये फिल्म गुंडाळण्यातच, हाताला घाम आला की चिकटलीच.

पहिल्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जिथं जिथं उजेड पडला होता तिथली चांदी काळी होते, म्हणजे इथपर्यंत निगेटिव्हच असते. फोटो धुणाऱ्यांना यानंतर सवयीने हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात, टाकायची घाई असते, इथे टाकली की कारभार आटोपला, कारण आपल्याला पाहिजे ते चित्र उजेड न लागलेल्या चांदीच्या क्षारात दडलेलं असतं आणि हायपो नेमके तेच खाऊन टाकतो. म्हणून आधी ब्लीच. ते फक्त काळी झालेली चांदी विरघळवतं, तर तुमच्या लेखकांना हवी असलेली निगेटिव्ह ती इथे गेली बघा, पाण्यात. मग क्लिअरिंग, म्हणजे ब्लीचचे डाग घालवणं, मग टाकी सरळ उघडून फिल्मवर लख्ख बल्ब, मग दुसरा डेव्हलपर, उरलेले क्षार आता काळे होतात आणि सरळ चित्र दिसायला लागतं. हायपो सगळ्यात शेवटी. ते चित्र पहिल्यांदा दिसतं ना तेव्हा आपलं वय बिय सगळं विसरायला होतं.

ब्लीच म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, पूर्वी विहिरीत टाकायचे ते लाल औषध, आणि त्यात आम्ल. जुन्या पुस्तकात डायक्रोमेट लिहिलेलं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यातलं क्रोमियम कॅन्सरकारक आहे. सल्फ्युरिक ॲसिडची किरकोळ विक्री २०१३ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने कडक झाली, ते चांगलंच झालं, मी त्याऐवजी सोडियम बायसल्फेटची पावडर वापरतो. क्लिअरिंगला मेटाबायसल्फाइट, सरबतं टिकवायला घरोघरी केएमएस घालतात त्याचंच भावंड. हातमोजे, चष्मा आणि खिडकी उघडी हे सांगायला नकोच.

आता माझी फजिती. पहिलं रीळ मी मे महिन्यात धुवायला घेतलं, गच्चीवरच्या टाकीचं पाणी नुसतं कढत, म्हटलं थोडं कोमट चालेल. परमँगनेटने फिल्मवरचा थर आधीच मऊ पडतो, त्यात ते पाणी, सगळा थर सायीसारखा सुटून बादलीत तरंगला आणि हातात नुसती पारदर्शक पट्टी राहिली. नातवाचा पहिला वाढदिवस होता त्यात. तेव्हापासून हे काम फक्त डिसेंबर-जानेवारीत, पाणी २० अंशावर, आणि आधी वाया गेलेल्या तुकड्यावर ट्रायल. रंगीतला उलटं, तिथे पहिला डेव्हलपर ३८ अंशावर लागतो आणि अर्धा अंशसुद्धा सरकलेला चालत नाही, त्यामुळे मी त्या फंदात पडलेलो नाही.

जाता जाता, कपाटात कोडॅकच्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मचं न धुतलेलं रीळ निघालं तर त्याचा रंग आता विसरा. त्याचे रंग फिल्ममध्ये नसायचे, धुताना लॅबमध्ये घालायचे, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या शेवटी नवी रिळं घेणं बंद केलं. काळंपांढरं चित्र अजून निघू शकतं पण ते घरी पहिल्याच फटक्यात करून बघायची गोष्ट नाही.

तेव्हा लेख वाचून ज्यांनी माळ्यावरून रिळं काढली असतील त्यांनी हौसेने लगेच प्रोजेक्टरवर चढवू नयेत ही विनंती. फिल्म आकसलेली असते, कडेची भोकं फाटतात, आणि वर सांगितलं तसं दुसरी प्रत नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि सगळ्यात आधी स्कॅन करून घ्या.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. आणि हो, लेखासोबतच्या फोटोखाली सुपर एट लिहिलंय, ते डबल एट आहे, भोकं मोठी आहेत आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर आहेत, सुपर एटचं भोक बारीक आणि चित्राच्या मध्यावर असतं.

आपला एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे