थाई जेवणातलं मीठ आणि नारळाचं दूध

संपादक महोदय,

थाई हॉटेलातली ‘ग्रीन करी’ भाजीसारखी हलकी, हा समज चुकीचा आहे. तो हिरवा रंग मिरचीचा. बाकी बरंचसं घट्ट नारळाचं दूध, म्हणजे संपृक्त चरबी. चौघांत एकच मागवावी. टॉम यम हे आंबट-तिखट सूप मात्र दूध न घातलेलं, पातळ घ्यावं. लिंबाच्या रसातला वाफवलेला मासा तर उत्तमच!

खरी काळजी मिठाची. फिश सॉसच्या (आंबवलेल्या माशांच्या खारट रसाच्या) एका मोठ्या चमच्यात सुमारे १४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० आहे. सोम तममध्ये, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, हा सॉस आणि ताडगूळ कमी घाला, असं ऑर्डर देतानाच सांगावं. खलबत्त्यात कुटल्यावर ते वेगळं काढता येत नाही. शाकाहाऱ्यांनी करीच्या वाटणात आंबवलेला जवळा आहे का, हे विचारावंच.

– एक आहारतज्ज्ञ, पुणे