खोक्यावरचा ठळक आकडा आणि पुस्तिकेतले बारीक आकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला घरगुती स्टुडिओसाठी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि संगणक यांना जोडणारी, आवाजाचे आकडे करणारी पेटी) कसा निवडावा, हा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आधी आभार. पण लेखात ‘ध्वनिपुस्तकांसाठी १९२ची अट असते, म्हणून १९२ किलोहर्ट्झचाच इंटरफेस घ्यावा’ असे एक विधान आहे, आणि त्यावर गप्प बसवेना. १९२ची अट आहे, हे खरे. ऑडिबल या ध्वनिपुस्तकांच्या कंपनीच्या एसीएक्स या व्यासपीठाच्या नियमांत ती सापडते. पण ती एमपी-थ्री फाइलच्या बिटरेटची, म्हणजे किमान १९२ किलोबिट प्रति सेकंदाची. सॅम्पल रेट, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, तेच लोक ४४.१ किलोहर्ट्झ मागतात. लेखकाने एका राशीचा आकडा उचलून दुसऱ्या राशीला चिकटवला. मी अनेक वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. एकक न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापायची. चुकीचे एकक लिहिणाऱ्याचा पूर्ण.

निवृत्तीनंतर मी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. एक लहान खोली, एक माइक, एक इंटरफेस, एक लॅपटॉप, एवढाच संसार. गाण्यातले मला कळत नाही, त्यामुळे पुढचे सगळे मुख्यतः बोलक्या आवाजाबद्दल आहे असे समजावे.

सॅम्पल रेटचे गणित जुने आहे. ध्वनीत जी सर्वांत वरची वारंवारता असेल, तिच्या दुपटीहून जास्त नमुने दर सेकंदाला घेतले की तो ध्वनी पुन्हा उभा करता येतो. नायक्विस्ट आणि शॅनन यांची नावे त्याला जोडलेली आहेत. तरुण कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, माझा कान त्याच्या बराच अलीकडे थांबतो. ४४.१ किलोहर्ट्झवर २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे पकडले जाते. १९२वर काय मिळते? चोवीस बिटांत (म्हणजे एकेक नमुना लिहायला चोवीस बिट) एका चॅनेलचे एक तासाचे ध्वनिमुद्रण दोन जीबीच्या वर जाते, ४४.१वर तेच पाचशे एमबीच्या आत राहते. दहा तासांचे पुस्तक, त्यात चुकलेली आणि पुन्हा वाचलेली पाने, असा हिशेब करून पाहावा. वटवाघळांचे आवाज टिपणाऱ्यांना किंवा आवाज कित्येक पट संथ करून सिनेमात वापरणाऱ्यांना १९२ जरूर लागते. वाचणाऱ्याला लागत नाही. शिवाय हा आकडा आता स्वस्तातल्या इंटरफेसवरही छापलेला असतो, म्हणजे निवड करायला त्याचा काहीच उपयोग उरलेला नाही.

चोवीस बिट मात्र हवेत, आणि ते जवळजवळ सगळ्यांत असतात. सोळा बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. चोवीस बिटांत कागदावर १४४ आणि चांगल्या कन्व्हर्टरमध्ये (आवाजाचे आकडे करणाऱ्या भागात) प्रत्यक्षात ११० ते १२०. याचा व्यवहारातला फायदा असा की ध्वनिमुद्रण करताना पातळी लाल दिव्याच्या काठावर नेऊन ठेवावी लागत नाही. वरचे बारा-पंधरा डेसिबल मोकळे सोडून निवांत वाचता येते.

आता ज्या आकड्याविषयी लेखात एक ओळही नाही, त्याच्याकडे येते. इंटरफेसच्या माहितीपुस्तिकेत मागच्या पानावर बारीक टायपात ‘ईआयएन’ लिहिलेले असते. प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारा भाग, स्वतः किती नॉइज घालतो, ते त्यावरून कळते. उणे १२८ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत डेसिबल) असा काहीतरी आकडा असतो आणि तो जितका खाली, तितके बरे. पण त्यालाही तळ आहे. दीडशे ओहमच्या साध्या रोधातूनच, खोलीच्या तापमानामुळे, उणे १३१च्या आसपास नॉइज येत असतो. त्यामुळे कुणी उणे १३३ छापले असेल तर एकतर इनपुट शॉर्ट करून मोजले आहे किंवा आकड्याला ‘ए-वेटिंग’ (कानाला कमी ऐकू येणाऱ्या वारंवारता कमी धरणारी मोजणी) लावले आहे. ए-वेटिंग लावणे लबाडी नव्हे, पण एकाचा आकडा वेटिंग लावून आणि दुसऱ्याचा न लावता अशी तुलना केली तर ती फसते.

हा आकडा पुस्तक वाचणाऱ्याच्या कामाचा कसा, ते उदाहरणानेच सांगते. शूरचा एसएम-७बी हा डायनॅमिक (बाहेरची वीज न लागणारा) माइक सध्या प्रत्येक पॉडकास्टमध्ये दिसतो. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबल दाबाला तो १.१२ मिलिव्होल्ट देतो. मी मऊ आवाजात वाचते तेव्हा वीतभर अंतरावर ७४ डेसिबल धरू. वीस डेसिबल कमी म्हणजे दहावा भाग, म्हणजे माइकमधून निघतात फक्त ०.११ मिलिव्होल्ट. डीबीयूत ते झाले साधारण उणे ७७. प्रीअँपचा नॉइज उणे १२८ असेल तर आवाज आणि नॉइज यांत ५१ डेसिबलचे अंतर पडले. एसीएक्सला आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान (फाइलमधली कमाल पातळी शून्य धरून) लागते आणि शांततेतला नॉइज उणे ६०च्या खाली. आवाज उणे २०पर्यंत उचलला की त्याच्याबरोबर नॉइजही उचलला जातो आणि उणे ७१वर येऊन थांबतो. पास. हाच ईआयएन उणे ११८ असता तर नॉइज उणे ६१वर आला असता, म्हणजे काठावर पास. कंडेन्सर माइक, म्हणजे वीज देऊन चालवावा लागणारा प्रकार, याच आवाजाला वीस-पंचवीस डेसिबल जास्त देतो, तिथे ईआयएनची फारशी काळजी करायला नको.

गणित इथेच सोडले तर मीही वाचकांची दिशाभूल करीन. कारण खोली उरली. रात्री दारे-खिडक्या लावलेल्या घरातल्या खोलीत ३० डेसिबल असले तर ती शांतच म्हणायची. ७४ वजा ३०, अंतर ४४. आवाज उणे २०वर नेला की खोली उणे ६४वर येते, म्हणजे प्रीअँपच्या सात डेसिबल वर. पंखा चालू ठेवून खोली ३५ डेसिबलची झाली तर उणे ५९, म्हणजे नापास, आणि त्यात इंटरफेसचा काही दोष नाही. उणे १२५च्या आसपासचा प्रीअँप हाताशी असताना ‘आवाजात खरखर येते’ म्हणून आणखी महागडा इंटरफेस घेणारे लोक मी पाहिले आहेत. खरखर तशीच राहते. तेच पैसे जाड गोधड्या, दाराच्या फटीला पट्टी आणि माइकचा स्टँड यांत घातले असते तर फरक त्याच दिवशी ऐकू आला असता. माइकचे तोंडापासूनचे अंतर अर्धे केले तर सहा डेसिबल फुकट मिळतात; एवढी सुधारणा कोणताही इंटरफेस बदलून सहज मिळत नाही.

पुढचा सापळा गेनचा, म्हणजे प्रीअँप सिग्नल किती वाढवतो त्या आकड्याचा. ‘६९ डेसिबल गेन’ आणि ‘५६ डेसिबल गेन’ शेजारी ठेवले की पहिला तेरा डेसिबलने दांडगा वाटतो. पण गेनच्या आकड्याजवळच ‘कमाल इनपुट’ (गेन सर्वांत कमी असताना झेपणारी सर्वांत मोठी पातळी) नावाचा आकडा असतो आणि तो वाचल्याशिवाय गेनला अर्थ नाही. समजा पहिल्याची कमाल इनपुट पातळी अधिक १६ डीबीयू आहे आणि दुसऱ्याची अधिक ९. गेन पूर्ण उघडला की पहिला उणे ५३ डीबीयूला पूर्ण भरतो, दुसरा उणे ४७ला. खरा फरक सहाच डेसिबलचा. उरलेले सात डेसिबल पहिल्याच्या कमी गेनच्या टोकाला गेले. मोठ्या आवाजाची वाद्ये मुद्रित करणाऱ्यांना त्यांचा उपयोग, मला नाही. ही वजाबाकी पाचवीतल्या मुलाला येते, पण ती करून दाखवणारी जाहिरात मी अजून पाहिलेली नाही.

माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये जोडायचा बूस्टर (सिग्नल आधीच वाढवणारी छोटी डबी) हाही लेखात ‘आवश्यक’ म्हटला आहे. ज्याचा स्वतःचा प्रीअँप शेवटच्या टप्प्यात सरसरतो, त्याला तो नक्की लागू पडतो. ज्याचा ईआयएन मुळात चांगला आहे, त्याला आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो, स्वच्छ फारसा होत नाही.

यूएसबीबद्दल थोडक्यात. टाइप-सी हा खाचेचा आकार आहे, वेगाचा नव्हे. टाइप-सी खाच असलेले कितीतरी इंटरफेस आत यूएसबी २.०च असतात आणि त्यात काही वाईट नाही. चोवीस बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलला सेकंदाला सव्वा मेगाबिटही लागत नाही, आणि यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८० मेगाबिटांची. मला यूएसबीत महत्त्वाची वाटली ती केबलची लांबी. यूएसबी २.० साठी पाच मीटर ही मर्यादा. तेवढ्यात माझा लॅपटॉप, त्याच्या पंख्यासकट, दाराबाहेरच्या स्टुलावर बसतो आणि इंटरफेस माझ्या हाताशी राहतो. गेनची खुंटी आणि हेडफोनची खुंटी दोन्ही समोर असाव्यात, हे कोणत्याही तक्त्यात नसते. हेडफोनचे भोक मागच्या बाजूला ठेवणाऱ्या अभियंत्याने कधी एक प्रकरण सलग वाचून पाहावे.

हेडफोनचा विषय निघालाच आहे तर डायरेक्ट मॉनिटरिंगचेही सांगते, कारण माझा भाचा आणि मी यात वेगळ्या बाजूंना आहोत. तो गिटार वाजवून गातो आणि गाताना कानात संगणकातला रिव्हर्ब (आवाज घुमल्यासारखा करणारा परिणाम) हवा म्हणतो. म्हणजे त्याचा आवाज संगणकात जाऊन परत यायला हवा, आणि तोही लवकर. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२चा म्हणजे १०.७, जाताना एकदा, येताना एकदा, वर कन्व्हर्टरचा थोडा वेळ. ५१२वर त्याचे सूर-ताल गडबडतात. त्याच्यासाठी लेटन्सी (हाच उशीर) आणि चांगला ड्रायव्हर (संगणकाला इंटरफेस ओळखून चालवायला लावणारे सॉफ्टवेअर) हीच पहिली कसोटी, आणि गिटारसाठी एक मेगाओहमचे हाय-झी, म्हणजे जास्त रोधाचे, इनपुट. मला मात्र माझा कोरडा आवाज विनाविलंब कानात आला की पुरे. डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण दाबले की तो संगणकाला वळसा न घालता थेट कानात येतो आणि बफर कितीही मोठा ठेवला तरी चालतो. दोघांनी एकच यादी पाहून एकच इंटरफेस घेतला असता तर एकाचे पैसे नक्की वाया गेले असते.

हेडफोन कोणता आहे, तेही आधी पाहावे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो. यूएसबीच्या विजेवर चालणाऱ्या लहान इंटरफेसला २५० ओहमचा जोडला तर आवाज इतका दबका येतो की माणूस उगाच गेन वाढवत बसतो. ३२ किंवा ८० बरा.

फँटम पॉवरबद्दल, म्हणजे माइकच्या केबलमधूनच त्याला दिल्या जाणाऱ्या विजेबद्दल, लेखात ‘आवाज दमदार होतो’ असे आहे. तसे काही नसते. ४८ व्होल्ट कंडेन्सर माइकला चालण्यासाठी लागतात. साध्या डायनॅमिक माइकला ते दिले काय, न दिले काय, आवाज तोच. बूस्टर लावला असेल तर त्यालाही फँटम लागतो. जुना रिबन माइक असेल तर मात्र बटण बंदच ठेवावे, सदोष केबल असली तर त्याच्या नाजूक पट्टीला इजा होऊ शकते.

शेवटचा मुद्दा ड्रायव्हरचा, आणि यात माझा राग थोडा डोकावेल. मॅकवर कोअर ऑडिओ ही अंगभूत व्यवस्था असल्याने क्लास-कम्प्लायंट (यूएसबीच्या सामायिक नियमांनी चालणारा) इंटरफेस जोडला की चालतो. विंडोजनेही यूएसबी ऑडिओ २.० चा स्वतःचा ड्रायव्हर २०१७मध्ये विंडोज १०च्या एका अपडेटमधून दिला. पण विंडोजवर कमी लेटन्सीचे काम करायचे तर स्टाइनबर्गने आणलेली एएसआयओ पद्धत लागते, आणि तिचा चांगला ड्रायव्हर त्या-त्या कंपनीनेच लिहायचा असतो. माझा पहिला इंटरफेस यंत्र म्हणून ठणठणीत आहे. प्रीअँप शांत, खुंट्या घट्ट. लॅपटॉपची कार्यप्रणाली बदलली आणि कंपनीने ‘हे मॉडेल आता समर्थित नाही’ असे दोन ओळींचे उत्तर पाठवले. कंपनीचे नाव लिहीत नाही. असे करणारी ती एकटी नसावी. तेव्हापासून विकत घेण्याआधी मी कंपनीच्या संकेतस्थळावर ड्रायव्हरचे पान उघडते, त्यांच्या पाच-सात वर्षे जुन्या मॉडेलचा शेवटचा ड्रायव्हर कधी आला ती तारीख पाहते, आणि तो माझ्या आजच्या कार्यप्रणालीवर चालतो का ते वाचते. नव्या मॉडेलचे पुढे काय होणार, याचा तेवढाच एक पुरावा गिऱ्हाइकाला मिळतो. आपल्या पुरवणीत पुढे कधी अशी तुलना छापणार असाल, तर प्रत्येक इंटरफेसपुढे ही तारीख, वेटिंगच्या उल्लेखासह ईआयएन, आणि गेनच्या शेजारी कमाल इनपुट एवढे तीन रकाने वाढवावेत. जागा कमी पडली तर सॅम्पल रेटचा रकाना काढावा.

आपली,
एक ध्वनिपुस्तक वाचिका