पुतण्याला दत्तक घेताना: मैत्रिणीस पत्र

प्रिय शालू,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. दोनदा वाचलं. जाऊबाई आजारपणातून उठून बसल्या आणि "याला तुमच्या ओटीत घालते" म्हणाल्या, त्या वेळी तुझं काय झालं असेल ते मला कळतं. ताई गेल्यावर दाजींनी चिऊचा हात माझ्या हातात दिला, तेव्हा माझ्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. तुम्ही दोघांनी ठरवलंत ते मला मनापासून पटलं आहे.

पण शेवटी तू लिहिलंस, "घरातलंच मूल आहे, नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र करून टाकतो." शालू, तेवढं करू नकोस. आम्ही नेमकं तेच केलं होतं. दाजींची सही, आमच्या सह्या, दोन साक्षीदार, वर नोटरीचा शिक्का. दीड वर्ष तो कागद मी दागिन्यासारखा जपला. चिऊच्या पासपोर्टसाठी गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी तो शांतपणे वाचला आणि परत दिला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. जिला मी रोज शाळेत सोडत होते, जिच्या तापात रात्री जागत होते, तिची कायद्याच्या लेखी मी मावशीच होते.

तुमच्या वकिलांच्या मनात १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा असावा. त्या कायद्याने नोंदणीकृत दत्तकपत्र करता येतं, ते खरं. पण त्यात एक अट आहे आणि ती तुला थेट लागू होते. मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्यांना हयात मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचाही मुलगा नसावा. तुला मुलगा आहे. त्या रस्त्याने पुतण्याला घेतलंस तर कागद कितीही देखणा असो, दत्तक मुळातच रद्दबातल ठरेल. आणि हे कधी उघडकीला येईल? वारसाचा प्रश्न निघेल तेव्हा, म्हणजे पोराला त्या कागदाची सगळ्यात जास्त गरज असेल तेव्हा.

तुमच्यासाठी रस्ता आहे तो २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. कुठल्याही धर्माच्या माणसाला त्याने नात्यातलं मूल दत्तक घेता येतं, आणि स्वतःचं मूल असणं आड येत नाही. 'नातेवाईक' कोण हे मात्र कायद्याने ठरवून दिलं आहे: काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलत-मावस भावंडं त्यात बसत नाहीत. तुम्ही सख्खे काका-काकू, त्यामुळे ती चिंता नाही. वयाची जी मर्यादा बाहेरचं मूल घेणाऱ्यांना असते, तीही नात्यातल्या दत्तकाला लावत नाहीत.

सुरुवात 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव नोंदवून करायची. जन्माचे, लग्नाचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र हे सगळं आधीच स्कॅन करून ठेव. पुढचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत चालतं. तिथली माणसं हे रोज करतात, त्यामुळे दलालाच्या नादी लागू नका. पैसे देऊन-घेऊन दत्तक करणं हा गुन्हा आहे, आणि आदेश देताना असा व्यवहार झालेला नाही ना, हे पाहिलंच जातं. पूर्वी आदेश कोर्ट देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्यातल्या दुरुस्तीने ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. आमचा वेळ त्याआधीच, कागद जुळवण्यात गेला. ताईच्या मृत्यूच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, तेवढ्यासाठी किती खेटे घातले! दिरांच्या मृत्यूचा दाखला आजच काढून बघ.

आता संमती. दीर नाहीत, म्हणून जाऊबाईंची संमती लागेल आणि त्यांची प्रकृती बरी असतानाच ती नीट, समजून-उमजून दिलेली असू दे. शिवाय पाच वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या मुलाचीही संमती लागते. पुतण्या नऊ वर्षांचा आहे, त्याला विचारलं जाईल. आणि तुझ्या लेकालाही. तो बारा वर्षांचा, खोली वाटून घ्यायची आहे ती त्यालाच. मला हा नियम फार योग्य वाटतो. मोठी माणसं आपापसात ठरवतात आणि मुलांना नुसतं कळवतात, ते इथे चालत नाही.

चिऊ तेव्हा सात वर्षांची होती. सुनावणी बंद दाराआड होते, गर्दी नसते, तरी ती माझा पदर सोडत नव्हती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तिला विचारलं, "तुला मावशीकडे राहायचंय का?" ती म्हणाली, "मी तिथेच राहते." मग जरा थांबून तिनेच विचारलं, "पण बाबा येतील ना भेटायला?" दाजी खाली मान घालून बसले होते. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, "येतील की." इतकी कागदपत्रं झाली, पण माझ्या मनात राहिलं आहे ते हेच.

हा प्रश्न तुमच्याकडेही येणार. नात्यातल्या दत्तकात जन्म देणारी माणसं कुठे जात नाहीत. कायद्याने जाऊबाईंचं आईपण संपेल, जन्माच्या दाखल्यावर तुमची नावं येतील, आणि हे सहजासहजी फिरवता येत नाही. पण त्या तर घरातच असणार. त्याने त्यांना काय म्हणायचं ते आधी बोलून घ्या, त्याच्यासमोर. चिऊ दाजींना बाबाच म्हणते, आणि माझ्या नवऱ्याला 'अहो काका' वरून आता नुसतं 'अप्पा'. आम्ही यातलं काही शिकवलं नाही.

इस्टेटीवरून लोक बोलायला लागलेत असं लिहिलंस. बोलू देत. वडिलांच्या माघारी त्याच्या नावे जो हिस्सा आला, तो दत्तकानंतरही त्याचाच राहतो. तुमचा होत नाही. मात्र जाऊबाईंना एक गोष्ट हळुवारपणे सांग. दत्तकानंतर तो त्यांचा आपोआप वारस राहणार नाही. त्यांना त्याला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागेल. हे सांगायला जड जाईल, पण सांग.

तू नोकरी करतेस म्हणून अडेल का, असंही विचारलंस. नाही अडणार. एका घटस्फोटित बाईला आपल्या बहिणीची मुलगी दत्तक घ्यायची होती. नोकरीमुळे तिला लक्ष देता येणार नाही, असं म्हणून खालच्या कोर्टाने नाकारलं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि नोकरी करणाऱ्या बाईबद्दलच्या त्या समजुतीला मध्ययुगीन म्हटलं. ती बातमी मी कापून ठेवली आहे.

आमच्या फाइलची झेरॉक्स या पत्रासोबत पाठवते आहे. प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्यात आहे, त्यावरून तुमचा बेतता येईल. जाऊबाईंना डॉक्टरांकडे न्यायचं आहे त्या दिवशी मला कळव. मी येऊन दोन्ही मुलांजवळ बसेन. चिऊलाही आणते. नऊ वर्षांच्या मुलाला काय विचारायचं असेल, ते तो आपल्यापेक्षा तिला विचारेल.

तुझी,
विद्या