बंधाऱ्याचा आकडा फोटोत नको, अक्षरांत हवा

मा. संपादक,

पावसाळ्यात कोल्हापूरकराचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'राजाराम बंधाऱ्याला किती फूट?' म्हणजे तिथे पंचगंगेची पाणीपातळी किती? पूर्वी उत्तरासाठी रेडिओ होता, पेपर होता, नाहीतर माणूस सरळ पंचगंगा घाटावर जाऊन पाणी बघून यायचा. आता उत्तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते. लवकर येते यात शंका नाही. पण वाटेत तारीख, वेळ आणि मूळ ठिकाण गळून पडते.

बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतली जनावरे कधी हलवायची, शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या गणेशमूर्ती कधी उचलायच्या, हे सगळे या चार फुटांत ठरते. इथे सहा तासांपूर्वीचा आकडा 'आत्ताचा' म्हणून फिरला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

घोळ होतो तो असा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यात मूळची नोंदलेली तारीख, वेळ, ठिकाण निघून जाते. मग 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले होते तेव्हाचा फोटो आणि आजचा फोटो ओळखायचा कसा? खूपदा फिरलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण येते आणि 2020 पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येतो. पण तोच फोटो गॅलरीतून नव्याने टाकला की खूणही पुसली जाते आणि बंधनही.

त्याहून फसवा प्रकार दशांश चिन्हाचा. 43 फूट 10 इंच घाईत '43.10' असे लिहिले जाते. दशांशाच्या हिशेबाने त्याचा अर्थ साधारण 43 फूट 1 इंच होतो. एका टिंबापायी जवळपास नऊ इंचांचा फरक! उलट बाजूने, साडेत्रेचाळीस फूट म्हणून लिहिलेले '43.5' लोक 43 फूट 5 इंच वाचतात. म्हणून 'फूट' आणि 'इंच' हे शब्द लिहायलाच हवेत. तसेच विसर्गाचे, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचे. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, एवढे कळून पुरत नाही; कधी उघडले तेही हवे.

दुसरी अडचण फाइलच्या वजनाची. पुरात वीज गेली की मोबाईल टॉवर आधी बॅटरीवर आणि मग डिझेलवर चालतात. डिझेल पोहोचले नाही की बंद पडतात. उरलेल्या टॉवरवर सगळ्या गावाचा भार येतो. फोन 2जी वर घसरला की सेकंदाला साधारण 5 केबी मिळतात. पाणीपातळीचा 1 एमबीचा पीडीएफ तक्ता उतरायला तीन मिनिटांहून जास्त वेळ जातो, तोही मध्ये तुटला नाही तर. हीच माहिती नुसत्या अक्षरांत 30 केबीच्या पानावर मावते आणि सहा सेकंदांत दिसते. शिवाय तक्ता स्कॅन केलेला असेल, तर त्यात आपल्या गावचा बंधारा शोधता येत नाही आणि डोळे नसलेल्या माणसाचा फोन तो वाचूनही दाखवत नाही.

उपाय स्वस्त आहे. प्रशासनाने कायम एकाच पत्त्यावर एक साधे पान ठेवावे. त्यावर चित्र नको, व्हिडिओ नको, लॉगिन नको, ॲप उतरवण्याचा आग्रह नको. पातळी, चढती की उतरती, पाण्याखाली गेलेले बंधारे, बंद रस्ते, बस्स. मोजल्याची तारीख आणि वेळ मजकुरातच पहिल्या ओळीत हवी, कारण नेट अडखळले की ब्राउझर कधी कधी साठवलेले जुने पान दाखवतो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोनवर सारखाच दिसणाऱ्या अक्षरसंचात असावा; जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर भलतीच अक्षरे दाखवतो. 1993 मध्ये वेब सर्वांना मोफत खुले झाले ते याच सोयीसाठी: पत्ता माहीत असला की कुणाच्याही ग्रुपचे सभासद न होता पान उघडावे. आपण मात्र माहिती पुन्हा बंद खोल्यांत नेऊन ठेवली.

नेटच नसेल तर एसएमएस. मराठीत एका एसएमएसमध्ये 70 चिन्हे बसतात. 'राजाराम बंधारा 41 फूट 3 इंच, 14 जुलै, सकाळी 7 वाजता, चढती' हा नमुना काना-मात्रा आणि मोकळ्या जागा धरून 57 चिन्हांत बसतो.

ग्रुपवाल्यांनीही स्क्रीनशॉटऐवजी पानाचा पत्ता पाठवावा, आणि आकडा लिहायचाच तर सोबत वेळ लिहावी. एवढ्याने निम्मी घबराट कमी होईल, असे आमचे मत आहे.

हे काम मे महिन्यातच व्हायला हवे. पान तयार झाले की ते कार्यालयातल्या वायफायवर बघून समाधान मानू नये. एका साध्या फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 2जी ठेवून चिखलीत किंवा शिरोळच्या नदीकाठी उभे राहून ते उघडून बघावे. दहा सेकंदांत आकडा दिसला नाही, तर पानातले काहीतरी अजून काढायचे राहिले आहे.

— काही वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर