सुधीर, आधी मेमोवरची तारीख बघ

सातारा

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि चेक न वटता परत आल्याच्या बँकेच्या मेमोचा फोटो मिळाला. पैसे बुडाले तरी चालतील, पण कोर्टाची पायरी चढणार नाही, असं तू लिहिलंयस. आपण सगळेच हे ऐकत मोठे झालो. पण सल्ला विचारणं म्हणजे भांडायला उभं राहणं नव्हे रे. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देताना मी रोज बघतो, कागद जागच्या जागी असतात, पुरावा पक्का असतो आणि मुदत तेवढी टळून गेलेली असते. तुझं तसं व्हायला नको, म्हणून सविस्तर लिहितोय.

मेमोवर ‘फंड्स इन्सफिशियंट’, म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत, असा शेरा आहे आणि शिक्क्याच्या आत पुसटशी तारीख. फोटोत ती नीट लागत नाही, मूळ कागद उजेडात धरून बघ. चेक परत गेल्याचं बँकेकडून तुला कळलं, तेव्हापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस हातात पडल्यावर पैसे द्यायला त्याला 15 दिवस मिळतात. नाही दिले, तर पुढच्या महिन्याभरात चेक न वटण्याबद्दलच्या कलम 138 खाली फिर्याद करायची. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तो फोनवर ‘महिनाभर थांब’ म्हणतोय ना, त्याच महिन्यात तुझे 30 दिवस संपतील. थांबायचंच असेल तर नोटीस पाठवून थांब.

नोटिशीत चेकची रक्कम नेमकी हवी. मनस्तापाची भरपाई वगैरे त्यात कालवू नकोस. स्पीड पोस्टाची पावती जपून ठेव. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने ‘तुझे दोन लाख देतो’ म्हटलंय, ते मेसेज पुसू नकोस आणि तो फोनही इतक्यात बदलू नकोस. आणि केससाठी पुण्याला खेटे घालावे लागतील ही भीती काढून टाक. 2015 च्या दुरुस्तीपासून, चेक जमा करणाऱ्याचं खातं ज्या शाखेत असतं तिथल्या कोर्टात ही केस चालते. म्हणजे तुझ्यासाठी कराडच.

त्याच्याशी संबंध तोडायचे नाहीत, हे मला कळतं. त्यासाठी लोक अदालत आहे. हप्ते ठरवून तडजोड करता येते, कोर्ट फी लागत नाही. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस. हे सगळं नीट समजून घ्यायला कराडच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे. जायला जमलं नाही तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन कर. तुझा पगार बघता फुकट वकील मिळणार नाही, पण पुढचं पाऊल काय टाकायचं ते नक्की कळेल.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त लागली. ताईची हक्कसोडपत्रावर सही घ्यायचीय, मसुदा टाइप करून दे, असं तू सहज लिहून गेलास. वडिलोपार्जित जमिनीत तिचा हिस्सा तुझ्याइतकाच आहे. ती खुशीने सोडत असेल तर तिची मर्जी. पण भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर पुढ्यात कागद ठेवला तर कुठली बहीण नाही म्हणेल? नोंदणी झालेला कागद नंतर रद्द करून घेणं फार अवघड जातं. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ताईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एकटीला जाऊ दे, तू बरोबर जाऊ नकोस. तिथून आल्यावरही ती हो म्हणाली, तर मसुदा मी करतो, एक पैसा घेणार नाही.

चेकची नोटीस मात्र या आठवड्यातच. मेमो आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन ये, आपण मिळून वकिलांकडे जाऊ. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास