एकच फाइल साठ वेळा का उतरवायची?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

मी बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहतो. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेच्या कामासाठी उबंटू ही मोफत संगणकप्रणाली आपापल्या लॅपटॉपवर बसवून आणण्यास आम्हाला सांगण्यात आले. फाइल सुमारे ६ जीबीची होती. रात्री जेवण झाल्यावर ती टोरंटवर, म्हणजे अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी फाइल उतरवण्याच्या पद्धतीने, लावली, तर वेग सेकंदाला ६० केबीच्या वर जाईना. त्या हिशेबाने ती पुरी उतरायला जवळजवळ २८ तास लागणार होते. त्याच लॅपटॉपवर, त्याच वेळी, इंटरनेटचा वेग मोजणारे संकेतस्थळ मात्र ४० एमबीपीएस (सेकंदाला ४० मेगाबिट) दाखवीत होते. हा वेग बिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार बाइटमध्ये, त्यामुळे आकड्याला आठाने भागावे लागते. पण भागूनही सेकंदाला ५ एमबी उरतात, म्हणजे फाइल वीस मिनिटांत यायला हवी होती.

नेटवर्कवरील ये-जा तपासणारी फायरवॉल ही यंत्रणा टोरंटची वाहतूक ओळखून तिचा वेग मुद्दाम आवळते, असे दुसऱ्या दिवशी नेटवर्क पाहणाऱ्या सरांनी सांगितले. त्यामागचे कारण मला पटते. टोरंट घेणारा संगणक आलेले तुकडे इतरांना पाठवतही असतो. दहा-बारा मुलांनी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रात्रभर लावून ठेवल्या, तर परीक्षेचा अर्ज भरणाऱ्याचे पानसुद्धा उघडत नाही. असे करणारे आमच्याच मजल्यावर आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने २००१ मध्ये आणलेली टोरंटची पद्धत स्वतः बेकायदा नाही. उबंटू आणि लिबरऑफिस (कार्यालयीन कामाचे मोफत सॉफ्टवेअर) यांसारखे प्रकल्प आपल्या फाइली अधिकृतपणे टोरंटनेही देतात, आणि फायरवॉलला चित्रपट व अभ्यासाची फाइल यांतला फरक कळत नाही.

माझी खरी तक्रार मात्र पुढची आहे. शेजारच्या खोलीतील खानापूरच्या मित्राकडे ती फाइल आधीच होती. आम्ही दोघे एकाच वायफायवर, मध्ये फक्त एक भिंत. तरीही आमचे लॅपटॉप एकमेकांना दिसेनात, कारण सुरक्षिततेसाठी वायफायवरील उपकरणांचा आपसातला संपर्क बंद ठेवलेला आहे. मित्राने ती गूगल ड्राइव्हवर चढवायला घेतली, म्हणजे भिंतीपलीकडची फाइल आधी गावाबाहेर जाणार आणि मग त्याच लाइनवरून माझ्याकडे परत येणार. तो नाद सोडून पेन ड्राइव्ह लावला, तर त्याने फाइल फार मोठी असल्याचे सांगून हात वर केले. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हे मला त्या रात्री समजले. ड्राइव्ह रिकामा करून मोठ्या फाइली चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला, तेव्हा कुठे काम झाले.

वर्गात आम्ही साठ जण आहोत. प्रत्येकाने ६ जीबी बाहेरून आणायचे म्हटले तर ३६० जीबी होतात, आणि १०० एमबीपीएसची अख्खी लाइन दुसरे काहीही न करता याच कामाला जुंपली, तरी आठ तास जातात. तीच फाइल एकदा आणून महाविद्यालयातील एखाद्या जुन्या संगणकावर ठेवली आणि तो प्रयोगशाळेच्या गिगाबिट (१००० एमबीपीएस) केबलला जोडला, तर तारेने जोडलेल्या विद्यार्थ्याला ती एक-दोन मिनिटांत मिळू शकते. याला नवी लाइन लागत नाही. प्राध्यापकांनी सत्राच्या सुरुवातीला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी द्यायची, एवढेच. वसतिगृहाच्या वायफायवरून फक्त त्या एका संगणकापर्यंत जाण्याची वाट मोकळी ठेवली, तर सुरक्षिततेलाही बाधा येणार नाही.

आमच्या सूचनाफलकावर सध्या कन्नड आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ‘नेटवर्कचा गैरवापर करू नये’ असे एकच वाक्य आहे. कोणत्या वाहतुकीवर, किती वाजेपर्यंत आणि किती मर्यादा आहे, हे त्याखाली लिहिले, तर २८ तासांची फाइल लावून कोणी रात्रभर लॅपटॉप चालू ठेवणार नाही. पुढील सत्राचे सॉफ्टवेअर याहून मोठे असल्याचे वरच्या वर्गातील मुले सांगतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी त्याची एक प्रत तरी सत्र सुरू होण्यापूर्वी आतल्या आत ठेवावी, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला विश्वासू,
एक विद्यार्थी, बेळगाव